अंगण खरंच वाकडं असेल तर?

२०२१ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आई सरकारी फोन परत करायला तालुक्याला निघाली होती. आदल्या रात्री तिनं तो फोन खोक्यात घातला, चार्जरच्या वायरीला रबर लावलं, सोबत मिळालेला कागदही घडी घालून आत ठेवला. उसनं आणलेलं भांडं घासूनपुसून परत द्यावं तसं सगळं नीटनेटकं.

आई अंगणवाडी सेविका आहे, बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी ॲप बनवतो. लॉकडाऊनमुळे तेव्हा गावीच होतो आणि नेटवर्क मिळावं म्हणून दिवसभर माळवदावर खुर्ची टाकून बसायचो. मी आईला म्हणालो, “फोन परत देऊन काय होणारे? शिकून घ्यायचं ना! हे म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं.”

ती चिडली नाही. खोक्याला दोरी बांधता बांधता म्हणाली, “आरं, पण आंगण खरंच वाकडं असलं तर?”

मी हसलो. विषय संपला असं मला वाटलं.

तो संपला नव्हता. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, आणि हा लेख त्याच लाजेतून लिहितोय. पण ती लाज माझ्या एकट्याची नाही. हातात स्मार्टफोन घेऊन मोठी झालेली, ‘टेक’बद्दल मतं असणारी, वेळ पडली तर हॅशटॅग चालवणारी आपली जी पिढी आहे, तिनं एक गोष्ट परस्पर ठरवून टाकली आहे. तंत्रज्ञानाबद्दल आपण बोललो की ते ‘नागरिकांचं मत’, आणि आईसारख्या बायका बोलल्या की ते ‘बदलाला विरोध’. मला या वाटणीशी भांडायचं आहे.

आपलं आंदोलन आणि त्यांचं आंदोलन

आधी आपल्या पराक्रमाबद्दल. २७ मार्च २०१५ ला ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं एक सल्लामसलत-पत्र काढलं. ११८ पानं, २० प्रश्न, सगळं जड इंग्रजीत. व्हॉट्सॲप, स्काइप यांसारख्या सेवांवर वेगळे नियम लावायचे का, नेटवर काही सेवांना झुकतं माप चालेल का, असा तो मामला होता. नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. ओळखीच्या विनोदी कलाकारांनी व्हिडिओ केले, कुणीतरी एक वेबसाइट बनवली, तिथं तयार मजकूर होता. बटण दाबलं की तुमच्या नावानं ट्रायला ईमेल. दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्यात एक माझाही होता. मी तेव्हा कॉलेजात होतो, ११८ पानांपैकी एकही वाचलं नव्हतं.

पुढं ‘ठरावीक साइट फुकट, बाकीच्यांना पैसे’ या योजनांवरून पुन्हा वाद झाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं नियम काढून असे भेदभावाचे दर बंद केले. मोठमोठ्या कंपन्या हरल्या, वापरणारे जिंकले. आजही मला त्याचा अभिमान आहे. आपल्याला कुणी इंटरनेटविरोधी म्हणालं नाही. उलट ‘जागरूक तरुणाई’ म्हणून कौतुक झालं.

आता दुसरं आंदोलन. पोषण अभियानात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना २०१९ च्या सुमारास फोन मिळाले. मुलांचं वजन, उंची, हजेरी, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी, सगळं त्यात भरायचं. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या प्रणालीच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आणलं. सेविकांच्या संघटनांचं म्हणणं साधं होतं. फोनची मेमरी अपुरी आहे, तो तापतो, अडकतो. वॉरंटी संपली, आता दुरुस्तीचा खर्च आमच्या पदरात. आणि नवं ॲप इंग्रजीत आहे. निवेदनं देऊन झाली. मग ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविका प्रकल्प कार्यालयांत जाऊन फोन टेबलावर ठेवू लागल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं.

दोन्ही आंदोलनं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात आपण न वाचलेल्या कागदावर, दुसऱ्यानं लिहिलेला मजकूर, एका बटणानं पाठवला. दुसऱ्यात बायकांनी दोन वर्षं ती वस्तू रोज स्वतःच्या हातानं वापरली, तिच्यात काय बिघाड आहे ते शोधलं, लेखी कळवलं आणि उत्तर आलं नाही तेव्हा, नोकरीवर येईल हे माहीत असूनही, वस्तू परत केली. ॲप बनवणारा म्हणून सांगतो, आमच्या धंद्यात पहिल्या प्रकाराला ‘फीडबॅक’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘टेस्टिंग’. टेस्टिंग करणाऱ्याला पगार मिळतो. आईला नोटिशीची भीती मिळाली.

आणि निकाल काय लागला? ते ॲप आज मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. आज ती साधी सोय वाटते. ज्या राज्यात लाखाहून अधिक अंगणवाड्यांचं काम मराठीत चालतं, तिथं ती आधीच का नव्हती, हा प्रश्न विचारायला बायकांना आपापली खोकी बांधून तालुक्याला जावं लागलं. अंगण वाकडं होतं. नाचणाऱ्यांनी ते सांगितलं, तेव्हा कुठं ते थोडं सरळ झालं.

‘नको’ आणि ‘असं नको’

आईनं एकदाही ‘फोन नको’ म्हटलेलं नाही. उलट अकरा रजिस्टरं हातानं भरणाऱ्या बाईला फोनचं महत्त्व माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिचं म्हणणं होतं की रजिस्टरंही भरा आणि फोनही भरा, असं नको. तोच मजकूर दोनदा, असं नको. ‘नको’ आणि ‘असं नको’ यांतला फरक ऐकू न येणं हा आपल्याकडच्या तंत्रज्ञानप्रेमाचा मोठा आजार आहे.

हा फरक महाराष्ट्राला नवा नाही. गर्भजल परीक्षा आपल्याकडे सत्तरच्या दशकात आली ती गर्भातले जन्मजात दोष शोधायला. काही वर्षांतच ती मुलगी आहे का हे शोधायला वापरली जाऊ लागली. तेव्हाही ते ‘उगवतं तंत्रज्ञान’ होतं. डॉक्टर नव्या यंत्राचं कौतुक करत होते आणि जाहिराती उघड लागत होत्या. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते, काही डॉक्टर आणि अभ्यासक यांनी या एकाच प्रश्नासाठी मिळून एक मंच उभा केला. त्यांनी सोनोग्राफी बंद करा म्हटलं नाही. बाळंतपणात तिचा उपयोग किती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, हे यंत्र कोण, कशासाठी वापरतंय, आणि त्याची किंमत कोण मोजतंय?

१९८८ मध्ये महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा केला. देशातला तो पहिला. १९९४ मध्ये संसदेनं देशभरासाठी कायदा केला. तरी अंमलबजावणी होईना, म्हणून २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’ आणि पुणे जिल्ह्यातली ‘मासूम’ या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यानंतर २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. चाळीस वर्षं होत आली, काम संपलेलं नाही. पण तंत्रज्ञानाबद्दल लोकांनी बोलायचं म्हणजे काय, याचा हा आपल्या घरचा धडा आहे. कोणतंही यंत्र जाळलं नाही, कोणत्याही डॉक्टरचं शिक्षण नाकारलं नाही. यंत्र कुणावर रोखायचं आणि कुणासाठी राबवायचं, ते लोकांनी ठरवायचा आग्रह धरला.

त्या इतिहासात कोल्हापूरचा एक प्रसंग आहे, तो मला आज फार आठवतो. २००९-१० च्या सुमारास तिथल्या जिल्हा प्रशासनानं सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण जोडायला लावलं. यंत्रावर काय तपासलं गेलं याची नोंद त्यात राहायची. रेडिओलॉजिस्टांची संघटना कोर्टात गेली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांचं म्हणणं फेटाळलं. या उपायातही तपासणीला आलेल्या बाईच्या खासगीपणाचा प्रश्न होताच, तो मी झाकत नाही. पण पाळत कुणावर होती ते पाहा. ज्याच्या हातात यंत्र, ज्याला त्यातून पैसे, त्याच्यावर. गरोदर बाईला कुणी ‘आधी कॅमेऱ्यात बघ, डोळे मिचकाव, मग तपासतो’ असं म्हटलं नव्हतं.

आज नेमकं तेच म्हटलं जातंय.

चोर सोडून

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार, ज्याला सगळे टीएचआर म्हणतात, तो घेण्यासाठी चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. आधी आधारवरून ई-केवायसी, त्यासाठी ओटीपी, मग प्रत्येक वाटपाच्या वेळी चेहरा जुळवायचा. गरोदर बाया, स्तनदा माता आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचे पालक यांच्यासाठी ही तजवीज.

मागच्या हिवाळ्यात मी गावी गेलो तेव्हा अंगणवाडीच्या ओट्यावर बसून होतो. एक नवीन लग्न झालेली बाई आली, कडेवर तीन महिन्यांचं बाळ. तिची नोंद अजून पूर्ण व्हायची होती. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जाणार. तो नंबर तिच्या नवऱ्याचा. नवरा ऊसतोडीला, चार जिल्हे पलीकडं, पहाटेपासून फडात. आईनं बटण दाबलं. बाईनं दिराच्या फोनवरून नवऱ्याला लावला. लागला नाही. दुसऱ्यांदा लागला तेव्हा तो गाडी भरत होता, म्हणाला थांब, बघतो. त्यानं आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती. आईनं पुन्हा बटण दाबलं. आता त्याची रेंज गेली.

“उद्या ये गं,” आई म्हणाली. बाई म्हणाली, “बाई, मी कालबी आले व्हते.”

मी कामानं ॲपवाला, म्हणून लगेच चूक शोधू लागलो. चूक कुठंच नव्हती. फोन चालू होता, ॲप चालू होतं, ओटीपी वेळेत जात होता. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. ज्यानं कुणी ते ठरवलं, त्याच्या डोळ्यांसमोर फक्त एक असं घर होतं, जिथं प्रत्येकाचा स्वतःचा नंबर असतो आणि सगळे संध्याकाळी एका छपराखाली असतात. बीडमध्ये दिवाळीनंतर अशी घरं किती उरतात, हे कुणीही सेविका एका वाक्यात सांगू शकली असती. पण तिला विचारायचं राहून गेलं. आणि आई-बाप दोघंही फडावर गेले, मूल आजीजवळ राहिलं, तर कॅमेऱ्यासमोर कुणाचा चेहरा धरायचा?

आता तुम्ही म्हणाल, आणि मीही आधी हेच म्हणालो होतो: अरे, पण चोरी होते ना! खोटी नावं लागतात, पाकिटं बाजारात जातात. तंत्रज्ञानानं ते थांबत असेल तर थोडा त्रास सोसायला काय हरकत आहे?

चोरी होते. ती थांबायलाच हवी. म्हणूनच विचारतो, ती कुठं होते? या आहाराचा इतिहास बघा. ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की अंगणवाडीच्या पोषण आहाराच्या पुरवठ्यासाठी ठेकेदार वापरू नका. गावातले बचत गट, महिला मंडळं यांना काम द्या. त्यानंतर चौदा वर्षांहून अधिक काळानं, फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाला महाराष्ट्राची टीएचआरची निविदा रद्द करावी लागली, कारण तिच्या अटी अशा होत्या की बचत गट बाहेर राहावेत आणि मोठे पुरवठादार आत यावेत. म्हणजे भोक कुठं होतं ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं एकदा नव्हे, दोनदा बोट ठेवून दाखवलं. ते निविदेच्या फायलीत होतं. मग कॅमेरा कुठं लावला? पाकीट घ्यायला आलेल्या ओल्या बाळंतिणीच्या तोंडासमोर. आपल्याकडं याला म्हण आहे: चोर सोडून संन्याशाला फाशी.

चेहरा ओळखायचाच असेल तर पुरवठादारांचे चेहरे ओळखा. पाकिटाची गाडी कुठून निघाली, किती भरली, तपासणीत काय निघालं, बिल किती झालं, हे प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर मराठीत लावा. ते तंत्रज्ञान अवघड नाही. मी आणि माझे दोन मित्र मिळून ते करू. ते होत नाही, कारण ज्यांच्यावर ते रोखलं जाईल त्यांना ‘असं नको’ म्हणण्यासाठी फोन परत करावा लागत नाही. त्यांचं ‘नको’ वरच्या मजल्यावर, चहा पिता पिता ऐकलं जातं.

आणि कॅमेरा लावला की चोरी थांबते, हे तरी खरं आहे का? रोजगार हमीचं उदाहरण ताजं आहे. १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लावणं सक्तीचं झालं. फोटो चढत नाही, रेंज नाही, केलेल्या कामाची मजुरी बुडते, हे सांगायला मजूर त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसले आणि महिनोन् महिने बसले. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रक काढून कबूल केलं की या ॲपवर भलतेच फोटो चढवले जातात, फोटोचा फोटो काढून हजेरी लावली जाते. म्हणजे ज्याला फसवायचं होतं त्यानं कॅमेऱ्यालाही फसवलं. ज्याला नुसतं काम करून घरी जायचं होतं, तो मात्र रेंज शोधत उभा राहिला.

वरातीमागून घोडं

‘पण सरकार लोकांची मतं मागवतं की,’ असं एक उत्तर असतं. मागवतं. कसं, ते पाहू.

२०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. गावाजवळ खाण, कारखाना, धरण येणार असेल तर गावकऱ्यांना बोलायची संधी कधी आणि किती मिळेल, हे त्यात ठरणार होतं. मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत. तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत द्या, हे सांगायला दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० ला आदेश काढावा लागला. सरकारनं काय केलं? भाषांतर करत बसण्याऐवजी आदेशाविरुद्ध दाद मागितली. ज्यांच्या जमिनीबद्दल विचारतोय, त्यांना कळेल अशा भाषेत विचारायलाच सरकारचा नकार होता.

जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला. तुमचा चेहरा, आधार, नंबर यांचं काय व्हायचं, ते त्यात होतं. मतं ऑनलाइन पाठवायची. आलेली मतं कोणत्याही टप्प्यावर उघड केली जाणार नाहीत, असंही सोबत सांगितलं होतं. म्हणजे कोण काय म्हणालं, कुणाचं ऐकलं, कुणाचं केराच्या टोपलीत गेलं, हे आपल्याला कळायचा मार्गच नाही. २०१५ मध्ये ट्रायनं आलेले सगळे ईमेल वेबसाइटवर टाकले, इतके सगळे की लोकांचे पत्तेही उघडे पडले आणि त्यावरून आरडाओरडा झाला. तो हलगर्जीपणाच होता. पण दहा वर्षांत आपण पत्ते झाकायला शिकण्याऐवजी मतंच झाकायला शिकलो.

आणि चेहरा ओळखण्याच्या सक्तीबद्दल तर एवढंही झालं नाही. आईच्या बीटमधल्या एकाही सेविकेला, एकाही बाळंतिणीला कुणी आधी विचारलं नाही. सूचना आली, तारीख आली, प्रशिक्षणाची लिंक आली. त्रुटी असल्यास कळवाव्यात, हे नंतर. वरात निघून गेली, आता घोडं आणा.

मतभेदाची जागा इथंच आहे. तंत्रज्ञानाचा निर्णय तज्ज्ञांनी घ्यावा, लोकांना त्यातलं काय कळतं, असं मानणारे माझ्या ऑफिसात भरपूर आहेत, आणि ती वाईट माणसं नाहीत. मी त्यांना एवढंच विचारतो: ‘ओटीपी फडात पोचत नाही’ हे कोणत्या तज्ज्ञाला माहीत होतं? सर्व्हर कसा चालवायचा ते आपल्याला कळतं, आईला कळत नाही. बाळाचं वजन करायला बाई कधी येते, कधी येत नाही, का येत नाही, ते आईला कळतं, आपल्याला कळत नाही. दोन्ही ज्ञानंच आहेत. एकाला बोलावून मानधन द्यायचं आणि दुसऱ्याला नोटीस द्यायची, याला कौशल्याची कदर म्हणत नाहीत.

आता थोडं आपल्याबद्दलही, म्हणजे ‘डिजिटल हक्कां’ची भाषा बोलणाऱ्यांबद्दल. आपण खासगीपणावर इंग्रजीत थ्रेड लिहितो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा आपण स्टेटस ठेवले. त्याच न्यायालयानं सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात म्हटलं की आधार दाखवता आलं नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. हे वाक्य अंगणवाडीच्या ओट्यावर उभ्या असलेल्या त्या बाईपर्यंत कुणी नेलं? मी नेलं नव्हतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तो आहार तिचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही, हे तरी? तिच्यासाठी खासगीपणा आणि पाकीट हे दोन वेगळे विषय नाहीत. चेहरा दे, मग खायला देतो, असं म्हटल्यावर तिची ‘संमती’ घेतली असं कागदावर लिहिता येतं. भुकेल्या माणसाच्या होकाराला संमती म्हणणं ही थट्टा आहे.

मग करायचं काय

माझं मागणं लांबलचक नाही. ज्या यंत्रणेवर कुणाचं जेवण, मजुरी, औषध अवलंबून आहे, ती सक्तीची करायच्या आधी चार गोष्टी व्हाव्यात.

एक, ती ज्यांनी वापरायची आणि ज्यांच्यावर वापरायची, त्यांना त्यांच्या भाषेत आधी विचारा. दोन-चार तालुक्यांत खरोखर चालवून बघा, आणि तेही ऊसतोडीच्या हंगामात. पावसाळ्यात सगळे घरी असताना नव्हे.

दोन, जे म्हणणं येईल ते उघड ठेवा आणि प्रत्येक मोठ्या आक्षेपाला लेखी उत्तर द्या. ‘मान्य नाही’ हे उत्तर चालेल. उत्तरच नाही, हे चालणार नाही.

तीन, यंत्र अडलं तर माणूस अडता कामा नये. रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेऊन त्याच दिवशी पाकीट द्यायचा अधिकार सेविकेला लेखी द्या. गावातल्या प्रत्येक बाळाला ती नावानं ओळखते. तिच्या ओळखीपेक्षा कॅमेऱ्याच्या ओळखीला जास्त मान का?

चार, पाळत ठेवायचीच तर ती वरून सुरू करा. आधी निविदा, मग गाडी, मग गोदाम. बाळंतीण सगळ्यात शेवटी.

आणि आपण? पुढच्या वेळी गावी गेलात की तासभर अंगणवाडीच्या ओट्यावर बसा. शहरात असाल तर वॉर्डातली अंगणवाडी शोधा, बहुतेक एखाद्या भाड्याच्या खोलीत सापडेल. नुसतं बघा, आणि ताईंना विचारा की काय अडतं. मग ते लिहून काढा, मराठीत, त्यांना वाचून दाखवा आणि ग्रामसभेत मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभेच्या या तारखा आपण सुट्टीच्या दिवशीचा कंटाळवाणा कार्यक्रम म्हणून सोडून देतो. ठराव झाला की तो कागद होतो, आणि कागदाला कधी ना कधी उत्तर द्यावं लागतं. ईमेल पाठवणं मला आता थोडं सोपंच वाटतं. पण दहा लाख ईमेल पाठवणाऱ्या पिढीनं दहा हजार ठराव लिहायला मदत केली, तर काय होईल ते बघायला मला आवडेल.

मला माहीत आहे, यातलं सगळं होणार नाही. डिसेंबर २०२३ पासून सेविका पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. पगार नव्हे, मानधन; कर्मचारी नव्हे, मानसेवी; अशा शब्दांच्या खेळात त्यांची आयुष्यं गेली. त्यांना ॲपपेक्षा मोठी दुखणी आहेत. पण दुखण्याचं मूळ एकच आहे. काम त्यांचं, निर्णय दुसऱ्याचा.

त्या दिवशी ओट्यावरून उठताना मी आईला म्हणालो, “तू तेव्हा म्हणालीस ते बरोबर होतं. अंगण वाकडंच आहे.”

तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती रजिस्टरात त्या बाईचं नाव लिहीत होती, तारखेसह, शेरा लिहीत होती: ‘लाभार्थी दोन वेळा उपस्थित, ओटीपी अप्राप्त.’ मग म्हणाली, “मला म्हणून काय उपेग? हे जे बनवत्यात, त्यांच्यात तू बसतोस ना? तिथं म्हण.”

म्हणून इथं म्हणतोय. उद्या ऑफिसातही म्हणेन.